संशय घेणारा मी

मराठी रंगभूमीवर मुसलमान म्हटलं की बहुतेकांना दोनच माणसं आठवतात. एक ऐतिहासिक नाटकातला खान आणि दुसरे ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब. पहिला शेवटच्या अंकात मरतो, दुसरे गाऊन सगळ्यांना जिंकतात. या दोघांच्या मधला मुसलमान, म्हणजे सकाळची शाळा गाठणारा, महिनाअखेरीला हिशेब जुळवणारा, बायकोशी भाजीवरून वाद घालणारा, तिथे फारसा दिसत नाही. म्हणून मुलुंडच्या एका हौशी नाट्यमंडळाकडून निरोप आला तेव्हा मला वाटलं, कुणाचे तरी उर्दू उच्चार सुधारून द्यायचे असतील.

मी घाटकोपरला राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू हे दोन्ही विषय शिकवतो. मराठी भाषा गौरव दिनाला, 27 फेब्रुवारीला, एका वाचनालयाच्या कार्यक्रमात मी एक विनोदी कथा वाचली होती. श्रोत्यांत त्या मंडळाच्या दिग्दर्शिका बसल्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, मंडळात सगळे त्यांना मावशी म्हणतात. पुढे दिवाळीनंतर त्यांनी फोन करून विचारलं, “सर, संगीत नाटक करणार का?”

“मावशी, मला गाता येत नाही.”

“गायला चार जण आहेत. मला चिडायला माणूस हवाय.”

नाटक होतं ‘संगीत संशयकल्लोळ’ आणि भूमिका होती फाल्गुनरावाची.

ज्यांनी हे नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फाल्गुनराव हा उतारवयाकडे झुकलेला, पैसेवाला, बायकोवर सतत संशय घेणारा गृहस्थ. त्याची बायको कृत्तिका त्याच्यापेक्षा काकणभर जास्तच संशयी. दुसरीकडे अश्विनशेठ हा तरुण आणि रेवती ही नायकिणीची मुलगी यांचं प्रेम आहे. अश्विनशेठने रेवतीला आपली तसबीर दिली आहे. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेवढंच कृत्तिका बघते. गडबडीत रेवतीची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते. बायको परक्या पुरुषाची तसबीर न्याहाळते आहे, एवढंच फाल्गुनराव बघतो. पुढे ती तसबीर फाल्गुनरावाच्या हातात अश्विनशेठ बघतो आणि त्याच्या डोक्यात रेवतीबद्दल किडा शिरतो. एक तसबीर, चार माणसं आणि प्रत्येकाने पाहिलेला प्रसंगाचा एकेक तुकडा. बाकी सगळा गोंधळ माणसं स्वतःच तयार करतात. पात्रांची नावंसुद्धा मजेदार आहेत. फाल्गुन, अश्विन, वैशाख, भादवा, कृत्तिका, रेवती, मघा. सगळे महिने आणि नक्षत्रं एकमेकांवर डोळे वटारून उभी.

ही गोष्ट मूळची आपली नाही. मोलिएरने 1660 मध्ये पॅरिसमध्ये ‘स्गानारेल’ नावाचं प्रहसन केलं. त्यावरून आर्थर मर्फीने 1761 मध्ये लंडनमध्ये ‘ऑल इन द राँग’ लिहिलं. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी 1893 च्या सुमाराला एक गद्य नाटक केलं, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. पुढे त्यात पदं घालून त्याचं संगीत नाटक झालं. देवल 1916 च्या जूनमध्ये गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगमंचावर आणलं. रेवती बालगंधर्वांची, फाल्गुनराव गणपतराव बोडसांचा. देवलांची एकूण सात नाटकं, त्यातलं ‘शारदा’ तेवढं स्वतंत्र. पण ‘संशयकल्लोळ’ वाचताना एकदाही शंका येत नाही की याचं बीज फ्रान्समधून आलंय. देवल स्वतः काही काळ बेळगावला शिक्षक होते हे कळल्यावर मला उगाचच त्यांच्याबद्दल आपलेपणा वाटू लागला.

विलायतेत याला कॉमिक ऑपेरा म्हणतात. थोडं बोलणं, थोडं गाणं आणि बराचसा गोंधळ. तिकडे गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीच्या संगीतिका गावोगावच्या हौशी मंडळ्या शंभराहून अधिक वर्षं करत आल्या आहेत. दिवसा कारकुनी करायची, संध्याकाळी चाचे बनून गायचं. आपल्याकडे तो मान संगीत नाटकाचा. आमच्या मंडळातला अश्विनशेठ संगणकाच्या कंपनीत होता, रेवती फिजिओथेरपिस्ट होती, कृत्तिका एका सरकारी कार्यालयात काम करणाऱ्या वहिनी होत्या. ऑर्गन वाजवायला पंचाहत्तरीला टेकलेले आजोबा होते, जे कुणाचा सूर हलला की न बोलता चष्मा पुसायला घ्यायचे.

मला जुन्या छापील संहिता पाहायला मिळाल्या ही या चार महिन्यांतली एक मोठी कमाई. नाट्यपदांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘चाल’ दिलेली असते, म्हणजे हे पद कुठल्या मूळ गाण्याच्या चालीवर म्हणायचं ते. अशी पुस्तकं चाळत गेलो तर कित्येक ठिकाणी त्या चाली ठुमरीच्या, दादऱ्याच्या, गझलेच्या निघतात. देवनागरीत छापलेले ते अर्धवट हिंदी-उर्दू शब्द वाचताना उर्दूच्या मास्तराला काय वाटत असेल, तुम्हीच कल्पना करा. आणि ‘तसबीर’ हा नाटकाचा कणा असलेला शब्द कुठला? अरबी-फारसीतून आलेला ‘तस्वीर’. मराठीने त्याचा ‘व’ मोडून ‘ब’ केला आणि घरात ठेवून घेतला.

हे सगळं मला नवीन होतं असं मात्र नाही. आमचं घर मूळचं मिरजेचं. मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांची गल्ली आहे. हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचा जमाना मागे पडला तसे फरीदसाहेब वगैरे मंडळी वाद्यांकडे वळली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरात कुणी कारागीर नव्हतं, पण सुट्टीत गेलो की भोपळे वाळत घातलेले दिसायचे आणि कुणीतरी तारा जुळवत असल्याचा तो न संपणारा आवाज दुपारभर यायचा. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँची कबर आहे. त्यांच्या स्मरणार्थ तिथे उरुसात गायनाची मैफल होते. देवलांचं हरिपूर हे कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव तिथून फार लांब नाही. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते. भास्करबुवा बखल्यांनी उस्तादांकडून विद्या घेतली आणि ती ‘स्वयंवर’च्या पदांत उतरवली. संगीत नाटकाच्या घरात आमच्या लोकांनी काय केलं, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. सूर लावला, ठेका धरला, वाद्य बनवलं. समोर उभं राहून बोलायला मात्र आमच्यातलं कुणी फारसं आलं नाही.

अम्मीला मी भूमिकेचं सांगितलं तेव्हा तिने घरच्या दख्खनीत एवढंच विचारलं, “बुड्ढे का पार्ट दिए क्या रे तेरेकू?” मग मटार सोलता सोलता तिने ‘संशयकल्लोळ’मधल्या एका पदाची चाल गुणगुणली. शब्द नव्हते, नुसती चाल. रेडिओवर ऐकलेली, म्हणाली. मला पंचेचाळीस वर्षांत कधी कळलं नव्हतं की ती तिला येते.

चाचांची प्रतिक्रिया वेगळी. चाचा कुर्ल्याला राहतात, पाच वक्ताचे नमाजी, माझ्यावर जीव असलेला माणूस. त्यांचा गाण्याबजावण्याला विरोध, तो मी गृहीतच धरला होता. पण त्यांनी विचारलं ते निराळंच. “तुलाच का घेतलं त्यांनी? मुलुंडमध्ये माणसं संपली? बघ हां. पेपरात फोटो छापतील, बघा आमच्यात मुसलमानपण आहे म्हणून. काम झालं की कोण तू आणि कोण मी.”

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात तालमीच्या हॉलच्या दारात मंडळाच्या एका जुन्या सभासदाने मावशींना हळू आवाजात विचारलेलं मी ऐकलं, “माणूस चांगला आहे हो, पण टिकेल ना? ऐनवेळी त्यांच्या लोकांनी काही म्हटलं आणि सोडून गेला तर?” मावशींनी त्यांना चहाचे पैसे मागितले आणि विषय संपवला. घरी येताना लोकलमध्ये मी एकटाच हसत होतो. चाचांना यांचा संशय, यांना चाचांचा, आणि दोघांनी एकमेकांना आयुष्यात पाहिलेलं नाही. देवलांना दोन पात्रं आयती मिळाली असती.

पण हसू नेहमीच येत नव्हतं, आणि या लेखाचं कारण तेच आहे.

त्या चार महिन्यांत आम्ही घर शोधत होतो. बायकोची शाळा भांडुपला, मुलीचं ज्युनिअर कॉलेज मुलुंडला. घाटकोपरहून रोजची धावपळ नको म्हणून मुलुंड किंवा भांडुपला भाड्याची जागा बघत होतो. आमचं आडनाव असं आहे की ते ब्राह्मणांत, मराठ्यांत आणि मुसलमानांत तिन्हीकडे सापडतं. देशमुख, इनामदार, देसाई, पाटील, त्यातलंच एक. माझं मराठी ऐकून फोनवर एजंट खूष व्हायचे. “या ना सर, रविवारी या. शिक्षक माणूस, घरमालकाला असंच कुटुंब हवंय.” मग आधार कार्डासाठी पूर्ण नाव विचारायचे. मी नाव सांगायचो. फोनवर थोडी शांतता. त्यानंतर जागा कालच गेलेली असायची, किंवा घरमालकाचा भाऊ गावाहून राहायला येणार असायचा, किंवा “सर, मला वैयक्तिक काही नाही, पण सोसायटीचं कसं असतं तुम्हाला माहितीये.” डिसेंबर ते मार्च या काळात असं सात वेळा झालं. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, मुलीने मोजलं.

मुंबईत आमच्यासारख्या कुणाला हे नवं नाही. मी हे सांगतोय ते तक्रार म्हणून कमी आणि एका विचित्र योगायोगासाठी जास्त. दुपारी माझ्यावर संशय घेतला जायचा आणि संध्याकाळी मी मुलुंडला जाऊन संशय घ्यायचो.

सुरुवातीला मला फाल्गुनराव जमेना. मी त्याला दुष्ट करत होतो. भुवया चढवायच्या, आवाज कडक करायचा, नोकर भादव्यावर खेकसायचं. मावशी दोन आठवडे काही बोलल्या नाहीत. मग एका शनिवारी त्यांनी तालीम थांबवली. “सर, तुम्ही रागावताय. फाल्गुनराव रागावत नाही हो, त्याला आनंद होतोय. इतके दिवस त्याला वाटत होतं की बायकोचं काहीतरी आहे. आज पुरावा मिळाला. सापडलं! शाळेत कॉपी पकडल्यावर मास्तरांना होतो ना, तसा आनंद.”

हे ऐकून मी त्या रात्री पुन्हा संहिता वाचली. खरंच होतं. फाल्गुनराव मूर्ख असतो, पण स्वतःला तो अतिशय हुशार समजतो. दुसऱ्या कुणाला जे दिसत नाही ते आपल्याला दिसतं, याचा त्याला अभिमान आहे. समोरचा काही बोलला तर तो पुरावा. गप्प राहिला तर तो मोठा पुरावा. हसला तर लबाड, रडला तर ढोंगी. एकदा मनाशी निकाल लागला की प्रत्येक गोष्ट त्या निकालाची चाकरी करते. आणि हे सगळं करताना त्याला वाटतं, मी सावध आहे, मी घर राखतोय.

पुढच्या तालमीला मी तसबीर हातात घेऊन आनंदाने थरथरलो. वहिनींना खरंच हसू फुटलं. ऑर्गनवाल्या आजोबांनी चष्मा पुसला नाही.

तेव्हापासून एजंटांचे फोन मला निराळे ऐकू येऊ लागले. नाव ऐकल्यानंतरच्या त्या शांततेत पलीकडचा माणूस मला दुष्ट वाटेनासा झाला. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला आता आतून माहीत होतं. त्याला वाटत होतं, बरं झालं विचारलं. मराठी इतकं स्वच्छ, आडनाव असं, फसलो असतो. म्हणजे माझं चांगलं मराठी हाही माझ्याविरुद्धचा पुरावा. यामुळे त्याचा नकार कमी लागला असं नाही. घर मिळालं नाही ते नाहीच. पण इतकी वर्षं मी समजत होतो की संशयाच्या मुळाशी द्वेष असतो. काही ठिकाणी तो असतोच. बाकी ठिकाणी, मला वाटतं, हुशारीचा गर्व असतो. द्वेषाला लाज वाटू शकते, गर्वाला वाटत नाही. म्हणून तो जास्त टिकतो.

एका रात्री असाच एक फोन संपल्यावर मुलगी म्हणाली, “अब्बू, तुम्ही त्यांच्यासाठी नाटक करता आणि ते तुम्हाला घर देत नाहीत.”

मी विचारलं, “ते म्हणजे कोण गं? मावशी? आजोबा?”

ती म्हणाली, “तुम्हाला माहितीये मला काय म्हणायचंय.”

मला माहीत होतं. त्यावर तिला पटेल असं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. मावशींनी आमच्यासाठी ओळखीत दोन ठिकाणी शब्द टाकला होता हेही मी तिला सांगितलं. दोन्हीकडे जमलं नव्हतं, हेही सांगावं लागलं. सोळा वर्षांच्या मुलीला “सगळे तसे नसतात” हे वाक्य ऐकवायचं नाही, असं मी बीएडला असल्यापासून ठरवलं आहे. ते वाक्य खरं असतं, पण ज्याला आत्ताच नकार मिळाला आहे त्याला ते फसवल्यासारखं वाटतं.

याच सुमाराला मला नाटकात एक गोष्ट दिसली, जी आधी पाहताना दिसली नव्हती. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या संशयावर प्रेक्षक पोट धरून हसतात, कारण दोघं बरोबरीचे आहेत. तो तिच्यावर घेतो, ती त्याच्यावर घेते, फिटंफाट. पण अश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो तेव्हा थिएटरमधलं हसू थोडं पातळ होतं. कारण रेवतीवरचा संशय तिने काय केलं यावरून सुरू होत नाही. ती कुठल्या घरात जन्मली यावरून सुरू होतो. नायकिणीची मुलगी, हिचं प्रेम खरं कशावरून? तसबीर हे नुसतं निमित्त. तिने कितीही निष्ठा दाखवली तरी निष्ठा सिद्ध करायची जबाबदारी तिचीच. तिला शेठजींवर तसा संशय घ्यायची सोय नाही. देवलांनी हे विनोदी नाटकात, शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी प्रेक्षकांसमोर, कुठेही आवाज न चढवता ठेवलं आहे. आमची रेवती तालमीत हा प्रसंग करायची तेव्हा मी विंगेत उभा राहून बघायचो. तिथे माझा प्रवेश नव्हता, तरी बघायचो.

प्रयोगाच्या आधी एक अवघड विषय होता, नांदीचा. संगीत नाटकाची सुरुवात नांदीने होते, सगळी मंडळी ओळीने उभी राहून ईशस्तवन म्हणतात. त्याआधी रंगमंचाची पूजा, नारळ. मी आठवडाभर मनात वाक्यं जुळवत होतो. शेवटी मावशींना सांगितलं की मी पूजेच्या वेळी अदबीने थांबेन, पण नांदी म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, “तुमची एंट्री नंतर आहे. विंगेत थांबा आणि पगडी सांभाळा, ती सैल आहे.” बस. आठवडाभराची भाषणं वाया गेली. चाचांना हे सांगितलं तर तेही थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पास मिळतो का?”

मुलुंडच्या महाकवी कालिदास नाट्यमंदिरात प्रयोग करायचं सगळ्यांच्या मनात होतं, पण मंडळाच्या तिजोरीला ते झेपणारं नव्हतं. एका शाळेच्या सभागृहात केला. अडीचशे खुर्च्या, दोन पंखे बंद, तीन माइक आणि त्यातला एक अश्विनशेठवर रुसलेला. मी आयुष्यात पहिल्यांदा धोतर नेसलो. खरं सांगायचं तर नेसवलं वहिनींच्या यजमानांनी, आणि वर सुरक्षेसाठी चार पिना. दाढीचं काय करायचं यावर चर्चा झाली होती. मावशींनी निकाल दिला, ती राहू दे, फाल्गुनराव चिडलाय, त्याला दाढी करायला वेळ कुठे आहे. नांदी चालू असताना मी विंगेत पगडी सांभाळत मनात बिस्मिल्लाह म्हटलं. पलीकडून ऑर्गनचा सूर येत होता.

प्रयोग ठीक झाला. उत्तम झाला असं म्हणणार नाही. दुसऱ्या अंकात दोन पानं उडी मारून आम्ही पुढे गेलो आणि भादव्याच्या हुशारीने परत आलो. पण तसबिरीच्या प्रवेशाला जो हशा आला, तो मी अजून विसरलेलो नाही. अडीचशे माणसं माझ्या संशयावर हसत होती. त्या हशात अम्मीचा खोकल्यासारखा हसण्याचा आवाज मला स्टेजवरून ओळखू आला. चाचा तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. भैरवीच्या वेळी त्यांचा पाय हलत होता, असं बायकोचं म्हणणं आहे. चाचा ते मान्य करत नाहीत.

मुलगी शेवटच्या रांगेत उभी होती. घरी येताना तिने एवढंच सांगितलं, “तुम्हाला पुरावा सापडल्यावर किती मजा येत होती, अब्बू. मला त्या एजंटचा आवाज आठवला.” मी तिला मावशींचं वाक्य कधी सांगितलं नव्हतं. तिला ते प्रेक्षकांत उभं राहून आपोआप दिसलं. नाटकाने तिचा राग गेला का? नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. तिचा राग रास्त आहे. पण ज्याच्यावर ती रागावली आहे तो माणूस तिला आता थोडा हास्यास्पदही वाटतो. राग आणि हसू एकत्र असलेला माणूस नुसत्या रागावलेल्या माणसापेक्षा जास्त काळ उभा राहतो, असा माझा अनुभव आहे.

आम्ही अजून घाटकोपरलाच आहोत. मंडळ पुढच्या वर्षी ‘कट्यार’ करायचं म्हणतंय आणि खाँसाहेबांसाठी अर्थातच गाणारा माणूस शोधतंय. माझ्याकडे उच्चारांचं काम आलं आहे. ते मी आनंदाने करणार आहे.

मध्यंतरी आठवीच्या वर्गात एक तास मोकळा मिळाला, तर मुलांना ‘संशयकल्लोळ’ची गोष्ट सांगितली. फळ्यावर बाण काढून दाखवले, तसबीर कुणाकडून कुणाकडे गेली, कुणी काय पाहिलं. मुलं हसून लोळत होती. पुढच्या बाकावरचा एक मुलगा मात्र गंभीर चेहरा करून फळ्याकडे बघत होता. त्याने हात वर केला. “सर, इन लोगोंने एक दूसरे से सीधा पूछ क्यूँ नहीं लिया?”

मी त्याला म्हटलं, विचारलं असतं तर नाटक पहिल्याच अंकात संपलं असतं. वर्ग पुन्हा हसला. त्याचं काही समाधान झालेलं दिसलं नाही. वही उघडून तो ते बाण उतरवून घेत बसला.